बर्फवाल्याची चार नावं

ब्रॅडवेल कॉलेजच्या फुटबॉल संघात पहिल्या दहा वर्षांत चार थोर खेळाडू होऊन गेले, हे मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले त्या दिवसापासून ऐकत होते. ब्लेक, मॉर्गन, पेन आणि लूमिस. आमच्या इंडियानातल्या फुटबॉलमध्ये पायाला फारसं काम नसतं. बॉल काखेत मारायचा आणि समोरची माणसं आडवी करत पलीकडची रेघ गाठायची. या चौघांनी म्हणे अर्धा जिल्हा आडवा केला होता. त्यातला सायलस पेन तर ऐन तारुण्यात विषमज्वराने गेला. त्याच्या नावाची पितळी पाटी कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात होती आणि दर सोमवारी ती मीच पुसून घेत असे.

१९२९ साली कॉलेजला पन्नास वर्षं पूर्ण झाली. फुटबॉल संघाच्या सुरुवातीच्या काळाचं एक पुस्तक काढायचं, असं अध्यक्ष डॉ. लॅथम यांनी ठरवलं. काम सोपवलं प्रोफेसर विग्मोर यांच्यावर. ते लॅटिन शिकवत. जन्मात एकही सामना पाहिलेला नव्हता, म्हणून ते निःपक्षपाती राहतील असं अध्यक्षांना वाटलं. मदतीला मी.

सामग्री म्हणजे तीन वह्या आणि फोटोंचं एक खोकं. वह्या त्या त्या वर्षीच्या पोरांनी लिहिलेल्या. ‘ऑकफर्ड सहा, आपण चार. पंच त्यांच्या कॅप्टनचा मेहुणा होता.’ ‘बॉल नदीत गेला. सामना बरोबरीत धरला.’ अशा नोंदी. ऑकफर्ड म्हणजे शेजारचं प्रतिस्पर्धी कॉलेज. पुढे प्रत्येक खेळाडूचं नाव, उंची आणि वजन.

आठवडाभराने विग्मोर सरांनी चष्मा काढून पुसला. काहीतरी बिनसलं की ते असंच करत.

“मिस टिल्डन, या चौघांचंही वजन दोनशे बारा पौंड आहे.”

“असेल सर. धिप्पाड होते ना.”

“आणि प्रवेशाच्या रजिस्टरात एकाचंही नाव नाही.”

मी फोटो टेबलावर ओळीने मांडले. १८९२ चा ब्लेक, मोठ्या मिशांचा. १८९४ चा मॉर्गन, दाढी छातीपर्यंत. १८९६ चा पेन, नुसते कल्ले. १८९८ चा लूमिस, गुळगुळीत. चौघांचाही डावा कान चुरगळलेल्या कोबीच्या पानासारखा होता.

तो कान मी रोज सकाळी सात वाजता माझ्या स्वयंपाकघरात बघत होते.

“सर,” मी म्हटलं, “हा आपला बर्फवाला आहे.”

गस ड्रेहर तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. डोक्यावर केस नाहीत, खांद्यावर चामड्याची कातडी आणि कातडीवर पन्नास पौंडांची बर्फाची लादी. दुसऱ्या दिवशी तो लादी माझ्या बर्फाच्या पेटीत सरकवत असताना मी सरळच विचारलं.

“गस, तुम्ही सायलस पेन होतात का?”

त्याने लादी पेटीत नीट बसवली. मग म्हणाला, “बिचारा! फार लवकर गेला हो.”

“गस!”

“टिल्डनबाई, मी त्याच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसलो होतो. पाद्रीसाहेब इतकं सुंदर बोलले, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.”

मग सगळं बाहेर आलं. तेव्हा तो सहा मैलांवरच्या खेड्यात राहायचा आणि शनिवारी मैदानावर बर्फ आणून टाकायचा. ब्याण्णव साली एका पोराचं पाऊल मुरगळलं. कॅप्टनने गसच्या खांद्यांकडे बघितलं आणि त्याच्या अंगात जर्सी घातली. गसला नियम माहीत नव्हते. बॉल हातात आला, तो त्याने लादीसारखा खांद्यावर घेतला आणि तीन माणसं लटकत असताना रेघेपलीकडे नेऊन हलकेच खाली ठेवला. तेव्हापासून जाणारा कॅप्टन येणाऱ्या कॅप्टनला तीन गोष्टी देऊन जायचा: बॉल, कपाटाची किल्ली आणि गस.

दर दोन वर्षांनी लोक चौकशी करू लागले की नाव आणि दाढीमिशा बदलायच्या. ब्लेक धर्मप्रसाराला चीनला गेला. मॉर्गन लग्न करून ओरेगॉनला गेला. पेनच्या वेळी होरेस डनिंग कॅप्टन होता, त्याला काही सुचेना, म्हणून त्याने पेनला मारून टाकलं.

“आणि लूमिस?” मी विचारलं.

“त्याचं काळीज अधू निघालं,” असं म्हणून गसने रिकामी कातडी खांद्यावर टाकली. “बाई, एक करा. हे लीनाला कळू देऊ नका.”

लीना त्याची बायको.

“तेहतीस वर्षं झाली लग्नाला. तिला मी सांगायचो, ब्रॅडवेलला माझे काका आजारी आहेत, शनिवारी त्यांच्याकडे जातो.”

मी कुणाला सांगणार होते? पण विग्मोर सर पडले सरळ माणूस. ते संध्याकाळी माहितीची खातरजमा करायला टोपी घालून थेट ड्रेहरच्या दारात उभे राहिले आणि दार उघडलं लीनाने. पुढचं मला सरांनीच सांगितलं, चष्मा पुसत.

“कुठले सामने?” लीनाने विचारलं. सरांनी तारखांसकट सांगितलं. ती आत वळली.

“गस! काका कुठे होते मग?”

“काका...” गस म्हणाला, “तसे नव्हतेच.”

“दोन हिवाळे मी त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणले! बारा जोड! ते कुठे गेले?”

“मी घालायचो. मैदानावर फार गारठा असायचा, लीना. उबदार होते हो.”

“आणि काका वारले तेव्हा मी रडले होते! महिनाभर काळा पोशाख घातला होता!”

“मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा,” गस म्हणाला, आणि ते खरं असावं, असं सरांचं मत पडलं.

लीनाने तीन आठवडे त्याच्याशी अबोला धरला. गस लाद्या टाकायला यायचा तो पडलेल्या तोंडाने, आणि कुणाकडे दोनदा टाकायचा तर कुणाकडे विसरायचा. आमचं लोणी वितळलं, पण मला त्याला बोलायचं धाडस होईना.

इकडे डॉ. लॅथम यांनी सगळं ऐकून दार लावून घेतलं.

“विग्मोर, डनिंग आता बँकेचे अध्यक्ष आहेत. ग्रंथालयाची इमारत ते बांधून देतायत. सायलस पेन यांच्या नावाने! चार नावं आहेत तशी छापा.”

“मला खोटं छापता येणार नाही.”

“मग लॅटिनमध्ये छापा!”

जून महिन्यात हिरवळीवर जुन्या खेळाडूंची दुपारची पंगत बसली. चाळीस-एक जण आले होते, सुटलेल्या पोटांचे, काठ्या टेकणारे. जेवण झाल्यावर होरेस डनिंग बोलायला उठला. आवाज घोगरा करून म्हणाला, “मित्रहो, सायलस गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो. माझा हात धरून तो म्हणाला, होरेस, ऑकफर्डला सोडू नका.”

मी तिथे सरबताचे पेले भरत होते. बर्फ संपला होता आणि आचाऱ्याने निरोप पाठवला होता. त्यामुळे ऐन त्याच वेळी गस खांद्यावर लादी घेऊन टेबलांच्या मधून चालत आला.

पहिल्या टेबलावरच्या एका लठ्ठ डॉक्टरच्या हातून चमचा पडला. “मॉर्गन!”

“मॉर्गन कसला? ब्लेक आहे तो! चीनहून आला!”

“अरे, हा तर लूमिस! लूमिस, लादी खाली ठेव, तुझं काळीज!”

मागून एक बारीक आवाज आला. “हा पेन आहे. पण पेन... वारला ना?”

सगळ्यांच्या माना डनिंगकडे वळल्या. डनिंगने गसला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाला, “त्याची तब्येत बरीच सुधारलेली दिसते.”

आणि तोच आधी हसत सुटला. मग सगळी हिरवळ हसली. काठ्या टाकून म्हातारे उठले आणि गसला चारही बाजूंनी बिलगले. जो तो आपल्याला ठाऊक असलेल्या नावाने त्याला हाका मारत होता.

“मंडळी,” गस कळवळून म्हणाला, “आधी हा बर्फ कुठे ठेवू ते सांगा. पाणी पाठीत चाललंय.”

डॉ. लॅथम यांनी कपाळाला हात लावला, पण डनिंगने इमारत रद्द केली नाही. उलट जिवंत माणसाच्या नावाने ती बांधणं जास्त आनंदाचं आहे, असं तो म्हणाला. पाटी मात्र काढायला गस तयार होईना. “राहू द्या. पोरगा चांगला होता.”

पुस्तक निघालं. त्यात चारही नावांपुढे ‘ड्रेहर पाहा’ असं छापलं आणि ड्रेहरच्या पानावर सरांनी लिहिलं: ‘आठ वर्षं. हा आपला विद्यार्थी कधीच नव्हता.’ पुस्तक बाहेर पडताच ऑकफर्डहून पत्र आलं. त्यांच्या जुन्या वहीतही १८९५ साली एबल स्टोन नावाचा खेळाडू होता, फक्त एका सामन्यापुरता, आणि तो सामना आमच्याविरुद्धचा. वजन दोनशे बारा पौंड. मी गसला विचारलं.

तो जोडे न्याहाळत म्हणाला, “त्यांच्याकडचं जेवण फार चांगलं असायचं हो. भाजलेला हंस होता त्या दिवशी.”

सरांनी दुसऱ्या आवृत्तीत तेही घातलं.

लीनाचा अबोला कसा संपला ते मला ठाऊक नाही. पण सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ती काळी टोपी घालून गसच्या शेजारी मैदानावर येऊन बसली. आयुष्यातला तिचा पहिला सामना. पहिला अर्धा तास ती गसला दर मिनिटाला विचारत होती, “हा का पडला? त्याला का धरलं?” गसला कुठलाच नियम नीट सांगता येईना. मग तिने नियमांचं चोपडं विकत आणून पाठ केलं. ऑक्टोबर संपेपर्यंत सबंध मैदानात तिचाच आवाज ऐकू येऊ लागला.

“अहो पंच! डोळे घरी विसरलात का? तो हात कुठे होता, बघितलात का?”

एकदा पंचाने खेळ थांबवून तिला बाहेर जायला सांगितलं. लीना उठेना. गसने मान खाली घातली आणि तिची टोपी सावरून दिली.