स्कॅनरला लावलेलं कुंकू

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात स्कॅनर आला, तेव्हा त्याला हात लावायचा मान मला मिळाला. वाशीच्या क्लासला जाऊन मी कॉम्प्युटर शिकले होते ना! त्या सर्टिफिकेटचा काय माज होता मला. लॅमिनेट करून शोकेसमध्ये असं उभं केलं होतं, की घरी आलेल्या बाईला पाण्याच्या ग्लासाआधी ते दिसावं.

काम होतं गावांचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचं. कापडावर चिकटवलेले, घडीघडीवर विरलेले. एकदा स्कॅन झाला की नकाशा पडद्यावर हवा तेवढा मोठा करायचा, त्यावर लाल रेघ ओढायची, पिवळी चिठ्ठी डकवून टिपण लिहायचं. पहिली लाल रेघ ओढली आणि मी खुर्चीतून उठलेच. धावत जाऊन कपाट उघडलं, मूळ नकाशा लाल झालाय का बघायला! नव्हता झाला. परत येऊन शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी ऐटीत सांगितलं, "मूळ कागदाला काही होत नाही हं. घाबरू नका."

त्या वालपापडी निवडत होत्या. घाबरल्या नाहीत.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी सारसोळ्याची एक म्हातारी कोळीण आली. तिच्या दारातून रस्ता जायचा होता. पुढचं अंगण तिच्या घराचं की गावाचं, हे दुसऱ्या दिवशी साहेब जुन्या नकाशावरून ठरवणार होते. साहेबांपुढे ठेवायला तिला त्याची मोठी, स्वच्छ प्रत मी काढून द्यायची होती.

नकाशा काचेवर पालथा घातला. पडद्यावर अंगण उमटलं, आणि त्याच्या बरोब्बर मधोमध काळा ठिपका.

"गावविहीर आहे," मी जाहीर केलं. "म्हणजे जागा गावाची."

"माज्या आंगनान हिर कवा आली? जाली सुकवतो आमी तिथं."

"आजी, नकाशा खोटं बोलतो का?"

"नकाशा कुटं बोलतो? तूच बोलतंस."

झालं! मी इरेला पेटले. ठिपक्याभोवती लाल गोल काढला, पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत 'विहीर' असं लिहिलं (त्या सॉफ्टवेअरला मराठी यायचं नाही), आणि प्रिंट काढून तिच्या हातात ठेवली.

तिनं ती उलटसुलट केली. "मंग गेलं म्हनायचं आंगन," म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

तो चेहरा मला बघवेना. निदान तिला पटावं, म्हणून नकाशात विहीर कशी दाखवतात हे दाखवायला मी दुसऱ्या गावाचा नकाशा लावला. त्यातही ठिपका. त्याच जागी. फक्त तिथं होती खाडी.

वालपापडीवाल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "अहो, खाडीत विहीर कोण खणतंय?"

मग मी ऑफिसचं एक परिपत्रक लावलं. रजेच्या नियमांतही विहीर! काय झालं असेल ते आता माझ्या डोक्यात शिरलं. खंडेनवमीला ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. बाकीच्यांनी झाकणावर झेंडू ठेवला. मी मात्र झाकण उघडून थेट काचेवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं होतं. यंत्राचा डोळा तोच ना, असं आमचं शास्त्र! ते तिथं वाळून घट्ट बसलं होतं, आणि आमच्या स्कॅनरला लालही काळंच दिसायचं.

रुमाल ओला करून काच घासली. पुन्हा स्कॅन. विहीर बुजली. आता अंगणाची फिकट रेघ घराच्या भिंतीला मिळालेली स्वच्छ दिसत होती, म्हणजे अंगण घराचंच. मी लाल गोलाची आधीची फाईल पुसून टाकली, पहिली प्रत परत घेऊन कोरी प्रत तिला दिली.

ती हलेना. पडद्याकडे हनुवटी करून म्हणाली, "त्या टीवीन पन लिव. माजं आंगन हाय."

लिहिलं, इंग्रजी अक्षरांत. तिनं प्रत कमरेला खोचली आणि गेली.

आठवडाभरानं दारात पुन्हा उभी. "वाचलं गो बाय आंगन! रस्ता पलीकडशी नेतान." मी काही बोलायच्या आत म्हणाली, "टीवीन हाय ना अजून? दाव."

मी उठले, तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, फाईल उघडली आणि अंगण मोठं मोठं करत नेलं. पडद्यावर दुसरं काही उरेना, तरी ती म्हणत होती, "आजून."