जागच्या जागी एकशे ऐंशी मैल

फाटकातून आत शिरायच्या आधीच मला इंजिनाचा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं.

धाकट्या भावाच्या लग्नाची चार दिवसांची रजा संपवून मी गावाहून परतत होतो. अंगावर बसची धूळ, हातात पिशवी. बघतो तर राईस मिलच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली आमच्या मालकांची नवी कोरी स्पोर्ट्स कार उभी. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर. खाली सागाच्या ओंडक्यांची घोडी केलेली. इंजिन सुरू, गिअर टाकलेला, आणि चाकं हवेत गरगर फिरताहेत. रेडिएटरवर ओली पोती, शेजारी पाण्याचा पिंप. स्टुलावर बसलेला मिलचा फोरमन राजन्ना मोठ्या समाधानानं मीटरकडे बघतोय.

मी पिशवी खाली ठेवली. गाडीत हात घातला, इंजिन बंद केलं आणि चावी खिशात टाकली.

राजन्ना उठून उभाच राहिला. तो सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू बोलणारा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. मालकांचा हुकूम आहे, म्हणाला. तीन दिवस झाले, सकाळी लावतो आणि दिवस मावळला की बंद करतो. मी मीटर पाहिलं. मी गेलो तेव्हा शून्याच्या आसपास होतं, आता एकशे ऐंशी मैल. आणि गाडी चिंचेखालून हातभरही हलली नव्हती.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणायचो. लढाईच्या दिवसांत मी मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाचं काम शिकलो आणि परतल्यावर या ठेकेदाराकडे लागलो. सागवानाचा आणि बांबूचा ठेका, शिवाय ही राईस मिल. त्यांचे ट्रक आणि जीप माझ्या हाताखाली. मिलच्या आवारातली एक खोली मला राहायला दिलेली. बायकोला, शेवंताला, सातवा महिना होता, म्हणून ती लग्नाला आली नव्हती. त्या इंजिनाच्या घरघरीनं तीन दिवस तिचं डोकं उठलं होतं, ते वेगळंच.

गाडी विलायतेहून आलेली, दोन सीटांची, उघडी. दोन कार्बोरेटर, ताकदीचं इंजिन. सोबत एजंटाचं पत्र होतं. पहिले पाचशे मैल रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवायचं. चाळीसच्या वर स्पीड नेऊ नका, इंजिनावर फाजील जोर टाकू नका. आता राजन्नाची सवय अशी, की मिलमध्ये नवं ऑईल इंजिन आलं की आधी आठ दिवस ते पट्टा न चढवता रिकामं चालवायचं. ते जाडंभरडं, संथ इंजिन. त्याला ते खपून जायचं. मालकांना ही युक्ती फारच आवडली. गाडीला धूळ नाही, फांदीचा ओरखडा नाही, आणि मीटर तर फिरतंय. पाचशे मैल अंगणातच पुरे होणार होते.

मालक ऑफिसातून बाहेर आले.

"कोणं बंद केलं इंजिन?"

"म्या केलं."

"काऊन?"

"खराब होऊन राह्यलं म्हणून."

मग मी त्यांना समजावलं, ते इथंही सांगतो. सिलेंडर म्हणजे लोखंडी नळा. त्यात पिस्टन वरखाली होतो आणि पिस्टनला रिंगा असतात. नव्या सिलेंडरला आतून बारीक ओरखडे मुद्दाम ठेवलेले असतात. रिंगा त्यांच्यावर घासून नीट बसल्या पाहिजेत. त्या बसतात केव्हा? इंजिन ओझं ओढतं तेव्हा. पेट्रोलचा भडका जोराचा होतो, तो रिंगांना भिंतीवर दाबून धरतो. रिकाम्या इंजिनात तो जोरच नसतो. रिंगा नुसत्या वरवर फिरतात, भिंतीवरचं ऑईल भाजून चिकटतं आणि काचेसारखी झिलई येते. एकदा ती जाड झाली की रिंगा जन्मात बसत नाहीत. जात्याचंही तेच. दाणा न घालता जातं फिरवत बसलात तर पीठ पडत नाही, दगड मात्र गुळगुळीत होतो.

मालक म्हणाले, पत्रात जोर टाकू नका असं लिहिलंय. मी म्हटलं, जोर टाकू नका म्हणजे कामच देऊ नका असं नव्हे. बोलून उपयोग नव्हता. मी इंजिन पुन्हा सुरू केलं आणि एकदाच रेस दिली. मागून निळा धूर आला. रजेवर जायच्या आधी मी हीच गाडी स्टेशनावरून उतरवून आणली होती, तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. निळा धूर म्हणजे ऑईल वर चढून जळतंय. राजन्नाला ते माहीत होतं. तो रेडिएटरवरची पोती काढायला लागला.

मालकांचा चेहरा उतरला. बारा दिवसांनी नागपूरला सागवानाचा लिलाव होता. सगळे ठेकेदार येणार, आणि मालकांनी पत्रं पाठवून सगळ्यांना कळवलं होतं की मी नवीन गाडीनं येतो. चिडून त्यांनी माझ्यावरच तोंड सोडलं. तू रजेवर गेला काऊन, म्हणे. मी म्हटलं, मी रजेवर होतो म्हणूनच हे होऊ शकलं.

"हे नीट होते का नाई, थेवढं सांग."

"दहा दिवस द्या अन् रस्ता द्या. गाडी धुळीनं मळन. अन् मी सांगन तसंच चालन."

"अन् धूर नाई गेला त?"

"नाई गेला त खोली खाली करतो."

बिघाड त्यांचा आणि पैज माझी. मूर्खपणाच होता, पण त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. संध्याकाळी शेवंतानं भाकर वाढता वाढता एवढंच विचारलं, "खोली तुमची एकट्याची हाय का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आधी ऑईल काढलं. इंजिन गरम करून काढलं, म्हणजे तळातला गाळही निघून येतो. काळंकुट्ट, आणि उन्हात धरलं तर लोखंडाची बारीक चकचक. नवं ऑईल भरलं आणि घोडीवरून गाडी खाली उतरवली. आता प्रश्न ओझ्याचा. दोन सीटांच्या गाडीत माल घालणार कुठं? मालक अंगानं भरदार होते. मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा. त्यांना वाटलं मी मान देतोय. मूल गावाच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा खरं काय ते सांगून टाकलं.

"मले का धानाचं पोतं समजून राह्यला?"

"पोतं बोलत नाई, मालक. थेवढाच फरक."

चांदा ते मूल जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न मैल. मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे जंगल, मधे मधे चढ. पद्धत साधी होती. थर्ड गिअरमध्ये वीसपासून चाळीसपर्यंत दमदार अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, मग पाय पूर्ण काढायचा आणि गाडीला आपोआप वीसवर येऊ द्यायचं. जोर दिला की रिंगा दाबल्या जातात. पाय काढला की ऑईल भिंतीवर ओढलं जातं आणि घासलेलं धुऊन निघतं. पुन्हा चाळीस, पुन्हा वीस. एकाच स्पीडवर फार वेळ राहायचं नाही. बैलगाडीमागे अडकलो की लगेच गिअर खाली, कारण टॉप गिअरमध्ये रेंगाळत ओढलं की इंजिन आतून ठोके खातं. थांबलो की इंजिन बंद. मूलला चहा पिताना ते नुसतं सुरू ठेवायला मालकांना फार आवडायचं, लोक जमतात म्हणून. मी दर वेळी चावी काढून घ्यायचो.

पहिले दोन दिवस धूर तसाच. तिसऱ्या दिवशी ऑईलची पट्टी पाहिली, खर्च थोडा कमी झालेला. पाचव्या दिवशी धूर फक्त पाय काढून पुन्हा देताना, तोही पातळ. मला आशा वाटायला लागली. शेवंतालाही सांगितलं. ती हसली नाही, पण त्या दिवशी ताटात मासोळी होती.

सहाव्या दिवशी परतताना मालक म्हणाले, मी चालवतो. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं, गाडी त्यांची. काही मैल त्यांनी शहाण्यासारखी चालवली. मग मागून हॉर्न वाजला. दुसऱ्या एका ठेकेदाराची लांबलचक अमेरिकन गाडी आम्हाला मागे टाकून गेली, आणि जाताना आतल्या माणसानं हात हलवला. झालं. मालकांनी पाय तळाला नेला. पंचेचाळीस. पन्नास. पंचावन्न. मी म्हटलं, मालक, पाय काढा. ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. साठला काटा आला तेव्हा मी हात लांब करून चावी फिरवली आणि काढून घेतली.

गाडी आपल्या वेगानं थोडी पुढे गेली आणि बांबूच्या बेटापाशी थांबली. एकदम सामसूम. मालक लालबुंद.

"उतर खाली."

मी उतरलो. चावी माझ्या हातात. ते त्यांच्याही ध्यानात आलं.

"चावी दे."

"चाळीसच्या वर नेणार नाई म्हणा, देतो."

"गाडी कोणाची हाय?"

"गाडी तुमची. पण धूर राह्यला त खोली माही जाते, मालक."

मी समोरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. ते गाडीत बसून राहिले. ऊन चढत गेलं. दोन बैलगाड्या गेल्या, गाडीवाल्यांनी आमच्याकडे बघून घेतलं आणि काही न विचारता बैल हाकले. बऱ्याच वेळानं मालक स्वतःहून उतरले, वळसा घालून डावीकडच्या सीटवर येऊन बसले आणि समोर बघत राहिले. मी गाडी सुरू केली. घरी येईपर्यंत काटा चाळीसच्या वर गेला नाही.

दहाव्या दिवशी पुन्हा ऑईल बदललं. हेडचे, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाचे, नट आवळले, कारण नवं इंजिन तापलं-निवलं की ते थोडे सैल पडतात. मग आवारात रेस दिली. धूर नाही. पुन्हा दिली. नाही. राजन्नानं सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला, हुंगून बघितला आणि मालकांपुढे धरला. हात कोरडा होता. शेवंता दारात उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली. मी चाकाला टेकून खाली बसलो.

नागपूरला मालकांनी गाडी स्वतः चालवली, मी शेजारी. इंजिन असं ओढत होतं की मलाच हेवा वाटला. लिलावाच्या जागी ठेकेदारांनी गाडीला गराडा घातला. बॉनेट उघडलं, कौतुक झालं. एक वयस्कर ठेकेदार म्हणाले, माझीही नवी गाडी येऊन पडलीये, तुम्ही रनिंग-इन कसं केलं? आणि मालक छाती फुगवून सांगायला लागले. मिलमध्ये घोडीवर चढवली, रिकामी चालवली, घरच्या घरी. आमचीच युक्ती आहे. ते म्हातारे ठेकेदार म्हणाले, वा, उद्या मीही तेच करतो.

मी गप्प राहायला हवं होतं. माझी खोली वाचली होती.

"भाऊ, तसं करू नका," मी म्हटलं. "तीन दिवस रिकामं चालवून इंजिन बिघडलं होतं. वझं ओढाले लावलं तवा नीट झालं. विश्वास नाई त मालकाले विचारा."

सगळे मालकांकडे बघायला लागले. मालकांनी बॉनेट बंद केलं.

परतताना वरोऱ्याजवळ ते म्हणाले, "चार लोकांत तू माही इज्जत काढली. उद्यापासून येऊ नको."

मी म्हटलं, मी चूप राहिलो असतो तर त्या भाऊंचं इंजिन गेलं असतं. ते म्हणाले, जाऊ द्यायचं होतं, तुझ्या बापाचं होतं का? मी फक्त सांगितलं की पुढचं ऑईल हजार मैलांनी बदलायचं, विसरू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही सामान बैलगाडीत भरत होतो. शेवंता एकदाही रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, तुम्ही खरं तेच बोलले ना? मी हो म्हटलं, तर म्हणाली, मग उचला ती पेटी. खोली रिकामी करून घ्यायला मालकांनी राजन्नाला पाठवलं होतं. त्यानं माझी हत्यारांची जड पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मिस्त्री, मिलचं नवं इंजिन येऊन राह्यलं. त्याले कसं चालवू?" मी सांगितलं. पहिला तास रिकामं, गळती बघायला. मग पट्टा चढव, धान अर्धं घाल, आणि रोज थोडं वाढवत जा. त्यानं बोटांवर मोजून दोनदा म्हणून घेतलं.

चांद्याबाहेर कडुलिंबाखाली मी माझं स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मालकांची ती गाडी पुढे कितीतरी वर्षं सर्व्हिसला माझ्याकडेच यायची. ड्रायव्हर घेऊन यायचा, मालक कधीच आले नाहीत. तिचं इंजिन मला एकदाही खोलावं लागलं नाही. नवं इंजिन पाचशे मैलांत रुळतं, फक्त त्याला काम द्यावं लागतं आणि घाई आवरावी लागते. मालकाला किती मैल लागतात, ते मात्र मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.