निळ्याची पट्टी

प्रयोगशाळेत तिला तोफ म्हणायचे, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची बिशाद नव्हती. झटका आलेल्या उंदरांच्या हृदयाचे पातळ काप करायचे, ते रंगवायचे आणि कॉम्प्युटरवर मोजायचे, हे तिचं काम. जिवंत स्नायू लाल दिसतो, मेलेला भाग निळा. किती लाल, किती निळं, ते सॉफ्टवेअर सांगतं. पण कितपत गडद निळ्याला मेलेलं धरायचं, यासाठी पडद्यावर एक सरकती पट्टी असते. ती एकदा लावली की सगळ्या कापांना तीच ठेवायची, हा साधा नियम. मोजणी तिच्या नावावर. शेवटचा हात मात्र प्रयोगशाळेचे साहेब फिरवायचे.

नव्या औषधाने निळा भाग निम्म्यावर आला, असं साहेब सगळीकडे मिरवत होते. माणसांवरची चाचणीही ठरली, आणि त्यात तिच्या दादाचं नाव होतं. वर्षापूर्वी त्याला झटका आला, तेव्हापासून नुसती अंघोळ केली तरी धाप लागायची. या औषधाच्या आशेवर तो दिवस ढकलत होता. आणि खरं सांगायचं तर तीही.

एकदा साहेबांच्या मागे उभी असताना तिला दिसलं, की औषधवाला काप आला रे आला की त्यांचा हात पट्टीकडे जातो. जराशी सरकवली, की कडेचं फिकट निळं गायब. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारलं तर म्हणे, रंग प्रत्येक कापाला वेगळा चढतो, तो नजरेने सांभाळून घ्यावा लागतो, अनुभवाने कळतं. डोंबलाचा अनुभव.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या कापांची नावं झाकली, क्रम उलटापालटा केला आणि साहेबांना खुर्चीत बसवलं. पहिला काप आला. साहेब माउसवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "यातला औषधवाला कुठला?"

"रंग बघून सांभाळता ना? मग बघा रंग."

साहेबांना एकदम मीटिंग आठवली. ते सटकल्यावर तिने पट्टी एका जागी ठेवून सगळे काप मोजले आणि मग नावं उघडली. औषध दिलेले उंदीर काय आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेले काय, निळं तेवढंच. तिने पुन्हा मोजलं. या खेपेला आकडा फिरू दे, असं मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी दादाच्या घरी जाऊन तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की औषध कुचकामी आहे, तू चाचणीत जायचं नाहीस. तो रडेल नाहीतर आपल्यालाच बोल लावेल, अशी तिची तयारी होती. दादाने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

"तुझे साहेब आले होते गं इथे," तो म्हणाला. "मोजणारी तुमची बहीणच आहे, मग भीती कसली, म्हणाले. म्हणून तर मी हो म्हटलं. बाकीच्या पेशंटनाही तुझंच नाव सांगतात."

ती ताडकन उठली. "उद्या माझ्याबरोबर चल आणि हे त्यांच्या तोंडावर सांग."

"तुमचं ऑफिस चौथ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट नाही. मला जिने चढवत नाहीत आता."

"मग त्यांना खाली आणते," ती म्हणाली.