उलटं सांगा, अण्णा

हरल्यावर पत्रकारांना 'आज खूप शिकायला मिळालं' असं सांगायचं असतं. मी इतक्या वेळा हरले आहे की एव्हाना एखाद्या विद्यापीठानं घरी येऊन मला पदवी द्यायला हवी होती. खरं सांगायचं तर हरल्यावर मला आधी राग येतो, मग भूक लागते आणि पोट भरलं की पुन्हा राग येतो. शिकणंबिकणं काही होत नाही. पण बंगळूरात, माझ्या स्वतःच्या गावात, जी मॅच मी हरले तिच्यातून एक गोष्ट खरोखर कळली आणि नेमकी तीच मी पत्रकारांना सांगितली नाही. पत्रकार एकच होता आणि त्यालाही ट्रॅफिक वाढायच्या आत निघायचं होतं.

मला हरवणारी बाई देशातली पहिल्या नंबरची खेळाडू. आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे 'ती' म्हटलं की तीच, बाकी सगळ्या बायकांना नावं आहेत. ती मूळची आंध्रातली, माझ्याहून उंच, माझ्याहून लहान, आणि हरवल्यानंतर इतकी गोड हसते की तिचा धड रागही करता येत नाही. मी तिच्याशी जेव्हा जेव्हा खेळले तेव्हा तेव्हा हरले. दिल्लीत हरले, कोइमतूरला हरले, थायलंडमध्ये हरले. तिकडे निदान ओळखीचं कोणी बघायला नव्हतं.

त्या वर्षाअखेर मी खेळणं थांबवायचं ठरवलं होतं. गुडघे सकाळी उठताना आजोबांसारखे बोलायला लागले होते, आणि प्रेशर कुकर बॅगेत घालून गावोगाव फिरायचा मला कंटाळा आला होता. फक्त एक इच्छा उरली होती. तिला एकदा हरवायचं, एकदाच, तेही अण्णांच्या डोळ्यांदेखत. आणि बंगळूरच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत ती माझ्यासमोर आली.

अण्णा म्हणजे माझे वडील आणि माझे पहिले, दुसरे आणि शेवटचे कोच. आमचं मल्लेश्वरममध्ये स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, पणजोबांपासूनचं. दुकानात कन्नड, बँकेत इंग्रजी आणि घरात मराठी अशी आमची वाटणी. पण मराठीचा दुकानातही एक उपयोग होता. गिऱ्हाईक समोर उभं असताना काका अण्णांना सांगायचे, "ह्या बाई घासाघीस करणार, आधी जाड बुडाचं दाखव." गिऱ्हाईक बिचारं डबा वाजवून बघत असायचं. इथं मराठी कोणाला कळत नाही, या एका विश्वासावर आमच्या घराण्यानं तीन पिढ्या व्यापार केला.

तोच विश्वास अण्णांनी टेनिसमध्ये आणला. मी लहान असताना बाहेरून कोचनं काही सांगायला बंदी होती. अण्णा बेसलाइनच्या मागे पहिल्या रांगेत बसायचे आणि शेजारी बसलेल्या आईशी गप्पा मारल्यासारखं मोठ्यानं बोलायचे. "हिच्या बॅकहँडमध्ये दम न्हाई बघ. तिकडंच टाकायला पाहिजे." आई डब्याचं झाकण उघडत "हं" म्हणायची. अंपायरला वाटायचं, जुनं जोडपं आहे, भांडतंय. अशा रीतीनं वीस वर्षं आईला टेनिसचं उच्च शिक्षण मिळालं, आणि तिनं आजवर रॅकेट हातात धरलेली नाही.

आता नियम बदलला आहे. आपण कोचच्या बाजूला असलो की दोन पॉइंटच्या मधे त्यानं बोललेलं चालतं. म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज उरली नाही. पण अण्णा अजूनही आईकडे बघूनच सांगतात. आवाज मात्र पूर्वीचाच, रस्त्यावरच्या हॉर्नवर मात करून भाव सांगायला कमावलेला. तो समोरच्या टोकाला तर जातोच, बाहेरच्या रिक्षा स्टँडवरही जातो.

पहिल्या सेटमध्ये अण्णांचा कार्यक्रम सुरू झाला. "तिच्या बॅकहँडला टाक की गं! सुम्मने, उगाच फोरहँडला काय देतीस?" मी बॅकहँडला टाकलं. तिनं त्याच बॅकहँडनं बॉल माझ्या बाजूनं असा काढला की मला वळून बघायलाही वेळ मिळाला नाही. "नशीब तिचं," अण्णा आईला म्हणाले, "परत तिकडंच टाकू दे." मी परत टाकलं. तिचं नशीब परत फळफळलं. असं करत पहिला सेट माझ्या हातून गेला.

बाजू बदलताना ती अण्णांच्या समोरून चालली होती. थांबली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि अगदी आदरानं म्हणाली, "काकाजी, बॅकहँड मी सुधरवला न आता. दुसरीकडं टाकायला सांगा."

मराठीत. शुद्ध नागपुरी मराठीत.

नंतर कळलं की तिचा नवरा नागपूरचा, आयटीतला. सर्जापूर रोडला राहतात आणि सासूबाई वर्षातले कितीतरी महिने इथंच असतात. सुनेनं मराठी शिकलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट, आणि ती जे शिकते ते पहिल्या नंबरनंच शिकते. खरं तर आम्हाला आधीच सावध व्हायला हवं होतं. दुकानात हल्ली चार गिऱ्हाइकांमागे एक तरी पुण्याचं निघतं, आणि "काका, मी घासाघीस करत नाही हं" असं म्हणून अण्णांना घाम फोडतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुकानात तोंड पोळलेला माणूस कोर्टावर येऊन पुन्हा मराठीतच ओरडत होता.

अण्णांनी तिला काय उत्तर दिलं असेल? गिऱ्हाइकाला देतात तेच. हात जोडले आणि म्हणाले, "हो का? बरं झालं, बरं झालं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत या बाईनं आमची किती गुपितं ऐकली असतील? अण्णांनी तिच्या चालण्याला बदक म्हटलं होतं, तेही ऐकलं असेल. आता बोलायचं कशात? कन्नड तिला येत होतं, इंग्रजी सगळ्यांनाच येतं. चोरून बोलायला आमच्याकडे एकच भाषा होती आणि ती नागपूरच्या सासूबाईंनी फुकट वाटून टाकली होती.

त्या वेळी मला जी अक्कल सुचली ती भांड्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीलाच सुचू शकते. टॉवेल घ्यायच्या निमित्तानं मी कठड्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, आता सगळं उलटं सांगा."

"उलटं म्हणजे?"

"पुढं ये म्हणायचं असलं तर मागं जा म्हणा. तिला वाटू दे, आपण अजून भोळेपणानं खरंच ओरडतोय."

"खोटं बोलू म्हणतीस?"

"खोटं नाही हो. उलटं."

अण्णांनी आयुष्यात हलक्या पत्र्याला जाड पत्रा म्हटलेलं नाही. घासाघिशीत मराठी बोलतील, पण माल सांगतील तोच देतील. त्यांना हा प्रकार पचेना. आई मात्र लगेच म्हणाली, "सरी, ठीक. चांगलं आहे." वीस वर्षं शिकत होती ती, शेवटी तिचं मत कोणीतरी ऐकलं.

दुसऱ्या सेटमध्ये आमचं नाटक सुरू झालं. अण्णा ओरडायचे, "मागं जा… म्हणजे… मागंच! स्वल्प मागं!" आणि इतके ओशाळायचे की कोणालाही संशय यावा. पण तिला आला नाही. तिचा अण्णांवर विश्वास बसला होता, बहुतेक त्या जोडलेल्या हातांमुळे. मी मागं जाणार म्हणून ती बॉल नेटजवळ हलकेच टाकायची आणि मी तिथं आधीच हजर असायचे. देशातल्या पहिल्या नंबरच्या चेहऱ्यावरचं हसू मी पहिल्यांदाच उतरताना पाहिलं. दुसरा सेट मी जिंकला. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की तिला मराठी शिकवणारी जी कोणी असेल तिला मी मनातल्या मनात साडीसुद्धा घेऊन टाकली.

तिसरा सेट चढाओढीत गेला. माझा गुडघा कुरकुरत होता, तिचा पाय घसरत होता, आणि बघता बघता मी मॅच पॉइंटला आले. एक पॉइंट घेतला की संपलं. सर्व्हिस तिची होती आणि मी अण्णांच्या टोकाला होते. तिची पहिली सर्व्हिस चुकली. मी मागं वळून बघितलं तर अण्णा उभे राहिले होते, आईकडे बघायचंही विसरले होते. सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असं ते ओरडले, "पुढं ये! पुढं ये गं!"

तिची दुसरी सर्व्हिस आली. मी बॉल जोरात परत मारला. तिनं कसाबसा रॅकेटला लावला आणि बॉल वर उडाला, उंच, सावकाश, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा. असा बॉल आला की पुढं जाऊन तो हाणायचा असतो. हे आठ वर्षांच्या मुलीलाही कळतं आणि मलाही कळलं. मी पुढं निघाले. बॉल मला स्वच्छ दिसत होता.

आणि मग माझ्या डोक्यात प्रश्न आला, अण्णा पुढं ये म्हणाले, म्हणजे मागं जा?

मी थांबले. कोर्टाच्या मधोमध, जिथं कोणताही शहाणा खेळाडू थांबत नाही, कारण तिथून धड पुढचाही बॉल घेता येत नाही आणि मागचाही. उलटं असेल तर मागं जायला हवं. पण आवाज तर खरा वाटला होता. अण्णा घाबरले की खरं बोलतात. की आज तेही शिकले? हे सगळं बॉल खाली येईपर्यंत. शेवटी मी मागं सरकत सरकत तो मारला, आणि मागं सरकत मारलेला बॉल जातो तिथंच तो गेला. नेटमध्ये.

पुढचं सांगण्यासारखं नाही. हातातोंडाशी आलेला घास गेल्यावर माणूस ताट बघत बसतो, तशी मी उरलेली मॅच खेळले.

हात मिळवताना ती हसली नाही. तिनं मला नेटवरूनच विचारलं, "तुम्ही तर पुढं येऊन राहिल्या होत्या न? मी तर मॅच सोडूनच दिली होती. काऊन थांबल्या?"

मी गुडघ्याकडे बोट दाखवलं. पत्रकारालाही गुडघ्याचंच कारण सांगितलं आणि खूप शिकायला मिळालं असंही म्हणाले.

घरी कोणी त्या मॅचचं नाव काढेना. अण्णा दुकान लवकर उघडायला लागले. आई माझ्या पानात न मागता तूप वाढायची, आमच्या घरात सांत्वनाची तेवढी एकच पद्धत आहे. शेवटी एका सकाळी मी दुकानात गेले. अण्णा पातेल्यांची उतरंड लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी खरंच सांगितलं होतं. पुढं ये म्हणून. उलटं करायचं विसरलो."

"मला वाटलंच होतं," मी म्हणाले.

"मग?"

"पण नक्की कळेना ना. तुम्ही काय म्हणताय ते ठरवण्यात वेळ गेला."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "ते राहू दे. तुला काय वाटत होतं? बॉल तर तुला दिसत होता की."

सकाळी किती वाजता उठायचं, कोणत्या हाताला पट्टी बांधायची, कोणाच्या बॅकहँडला टाकायचं, हे अण्णांनी मला सांगितलं होतं. तुला काय वाटतं, हे कधी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"पुढं जावंसं वाटत होतं," मी म्हणाले.

"मग जायचं की गं," ते म्हणाले. रागानं नाही. पुन्हा त्यांनी पातेलं उचललं.

मी एक सीझन अजून खेळायचं ठरवलं. गुडघ्यांना विचारलं नाही, ते नेहमी नाहीच म्हणतात. पुढच्या स्पर्धेचा ड्रॉ आला तेव्हा ती माझ्याच बाजूला होती, दोन मॅच जिंकल्या की समोर येणार होती. मी अण्णांना सांगायचं कित्येक दिवस टाळलं. मग जेवताना एकदाचं सांगून टाकलं, "या वेळी तुम्ही येऊ नका."

आईचा हात तुपाच्या भांड्याकडे गेला. अण्णा ताटात बघत बसले. पोळीचा तुकडा तोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं, आता मीच म्हणावं की या. पण मी म्हणाले नाही.

"सरी," ते म्हणाले. मग तो घास खाऊन झाल्यावर, "मोबाइलवर दाखवतात ना हल्ली?"

"दाखवतात."

"तिथनं आवाज तुला येत न्हाई ना?"

"नाही येत, अण्णा."

"मग ओरडलो तर चालतंय?"

"चालतंय," मी म्हणाले. "पण सरळ सांगा."