कोंढ्याच्या विटा

गडचिरोलीला जाणारी पहिली एसटी आरमोरीच्या स्टँडवर घरघरू लागली की चार वाजलेले असत. मनकर्णाच्या घरात घड्याळ नव्हतं, ते लागतही नव्हतं. ती उठे, तोंडावर पाणी मारी, पदर कमरेला खोची आणि नदीकडच्या वीटभट्टीची वाट धरी. चहा नंतर. चुलीपाशी बसलं की विटांच्या मातीचा गारा वाट पाहत बसतो, आणि गाऱ्याला वाट पाहायला लावली तर तो दिवसभर सूड घेतो, असं तिचं म्हणणं.

आदल्या सांजेला भिजवलेला गारा रात्रभर मुरलेला असे. ऊन चढायच्या आत तो साच्यातून निघाला पाहिजे. उन्हात पाडलेली वीट वरून सुकते, आतून ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी तडकते. तडकलेली वीट मुकादम मोजत नाही.

हे साल चौऱ्याऐंशीचं. धान कापून झालं की आरमोरीत हातांना काम देणाऱ्या जागा थोड्या. मनकर्णाचा नवरा गुलाब भात गिरणीत हमाल होता. मनकर्णा विटा पाडी.

तिच्या हातची वीट ढिगात ओळखू येई. गारा तुडवायचा तो टाचेनं. गोळा साच्यात एकदाच आपटायचा. दोनदा आपटला तर मध्ये पदर राहतो आणि भट्टीत वीट फुटते. कोपरे अंगठ्यानं भरायचे, साचा उचलताना मनगट हलू द्यायचं नाही. नव्या बायांना ती हे एकदा सांगे. दुसऱ्यांदा कोणी विचारलं तर नुसतं साच्याकडे बोट दाखवी.

तिची दुसरी शान म्हणजे घरातली भुई. घर एका खोलीचं, पण भुई अशी की भात सांडला तर उचलून खावा. मुरूम पसरून, पाणी शिंपडून तिनं ती स्वतः चोपली होती, आणि दर आठवड्याला शेणानं सारवून कडेला पांढऱ्या मातीचा पट्टा ओढी. सारवलेल्या भुईवर पाय ठेवायच्या आधी गुलाबसुद्धा दारात तळवे झटकी.

कुत्रा आणला तो गुलाबनंच. गिरणीमागं धानाच्या कोंढ्याचा डोंगर पडलेला असे. तिथं पोती भरताना त्याच्या हाताला काहीतरी गरम लागलं. कोंढ्याच्याच रंगाचं पिल्लू होतं. दुपट्ट्यात बांधून त्यानं ते घरी आणलं आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"पोत्यात भरला गेला असता," तो म्हणाला.

मनकर्णानं पिल्लाकडे पाहिलं, मग भुईकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पन बाहेर."

नाव शोधावं लागलं नाही. कोंढ्यातून निघाला म्हणून कोंढ्या.

कोंढ्या अंगणात वाढला. दिवसा गुलाबच्या मागं गिरणीपर्यंत जाई, सांजेला परत येई, उरलेली आंबील चाटे. मनकर्णा त्याच्याशी फार बोलत नसे, पण आंबील उरेल इतकी करी.

पुढच्या हंगामात, थंडी ओसरून रात्री गरम व्हायला लागल्या, तेव्हा घोटाळा सुरू झाला. एका पहाटे मनकर्णा भट्टीवर पोचली आणि काल पाडलेल्या विटांच्या रांगेत तिला पावलं दिसली. एकेका विटेवर एकेक पाऊल, चार बोटं आणि गादी, स्वच्छ उमटलेलं. रांगेच्या शेवटी, दोन ओळींमधल्या थंड ओलसर पट्टीवर, कोंढ्या पाय ताणून झोपला होता.

भट्टीवर विटा पाडणाऱ्या बाया बऱ्याच होत्या. कोंढ्यानं पाय ठेवले ते फक्त मनकर्णाच्या विटांवर. बाकीच्यांच्या ओळींना वळसा घालून तो तिच्याच ओळीत शिरला होता. शेजारच्या ओळीतली ठमाबाई, वयानं मोठी आणि जिभेनं त्याहून मोठी, कमरेवर हात ठेवून हसली.

"आमच्या विटाइले पाय बी लावत नाई तुया कुत्रा. तुयाच हाताची गोडी लागली त्याले."

ओल्या होत्या तेवढ्या विटा मनकर्णानं पुन्हा गाऱ्यात टाकल्या, तुडवल्या आणि पुन्हा पाडल्या. एकाच मातीला दोनदा मेहनत. तिला याचा जितका राग आला तितका कधी कोणाच्या शिवीचा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काही विटा अर्ध्या सुकलेल्या निघाल्या. तशी वीट परत गाऱ्यात जात नाही. आधी फोडावी लागते, मग नव्यानं भिजत घालावी लागते. देवाजी मुकादम मोजणीला आला. तो माणूस वाईट नव्हता, पण मालकाला जाब त्यालाच द्यावा लागे.

"मनकर्णाबाई," तो म्हणाला, "मी विटा मोजून राह्यलो, पावलं नाई."

खुणेच्या विटा त्यानं वगळल्या आणि फोडून टाकायला सांगितल्या. मनकर्णानं फावडं उचललं आणि खाली ठेवलं. कोपरे भरलेले, पदर न राहिलेली, सरळ वीट. तिच्यावर कुत्रा चालला यात विटेचा काय दोष? तिनं त्या पळसाच्या झाडाखाली रचल्या आणि वर पानांचा थर दिला. देवाजीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या सांजेपासून कोंढ्या अंगणात खुंटीला बांधला गेला. विटा वाचल्या. आठवडाभर सगळं बरं चाललं, आणि मग ठमाबाईचा कुत्रा गेला.

तोही बांधलेलाच होता. सकाळी खुंटीला दोरी तेवढी राहिली होती आणि अंगणातून नदीच्या झाडीकडे ओढत नेल्याची रेघ. बिबट होता. उन्हाळ्यात तो पाण्याला उतरतो हे सगळ्यांना ठाऊक. मोकळा कुत्रा निदान पळतो, बांधलेला कुठं पळणार? ठमाबाई त्या दिवशी कामावर आली, पण दिवसभर तिनं कोणालाच टोमणा मारला नाही. मनकर्णाला ते फार जड गेलं.

गुलाबनं काही विचारलं नाही. सांजेला दोरी सोडली आणि कोंढ्याला घरात घेतलं. 

सकाळी भुईच्या मधोमध खड्डा होता. कुत्र्याला गरम झालं की तो माती उकरतो आणि थंड जागा करून तिच्यात वेटोळं घालतो. कोंढ्यानं ते मन लावून केलं होतं. मनकर्णानं मुरूम आणला, खड्डा भरला, चोपला, सारवला. दुसऱ्या रात्री त्यानं चुलीजवळ खड्डा केला. तो भरला, तर तिसरा थेट पांढऱ्या पट्ट्यावर.

आता गोष्ट अशी झाली की कुत्रा मोकळा सोडला तर विटा जातात, बांधला तर कुत्रा जातो, आत घेतला तर भुई जाते. विटा तिच्या, भुई तिची. कुत्रा कोणाचा, यावर मात्र नवराबायकोत मतभेद होता. कोंढ्यानं काही बिघडवलं की तो गुलाबचा असे.

तिसऱ्या खड्ड्यानंतर तिनं सांगून टाकलं की आता आपल्याच्यानं होत नाही, कुत्र्याचं काय ते तुम्ही बघा. गुलाबनं बघितलं. रात्री त्यानं आपली बाज उचलून अंगणात टाकली, कोंढ्याची दोरी बाजेच्या पायाला बांधली आणि आडवा झाला. माणूस शेजारी असला की बिबट येत नाही, असं त्याचं गणित. गणित बरोबर असेलही, पण दिवसभर पोती वाहिलेला हमाल पाठ टेकताच लाकडासारखा झोपतो. त्याला बाजेसकट उचलून नेलं असतं तरी जाग आली नसती. मनकर्णा आत, नीट सारवलेल्या भुईवर एकटी पडून राही. बाहेर पानं वाजली की उठून बसे. आधी तिला एकाचीच काळजी होती, आता दोघांची झाली.

एका पहाटे एसटी घरघरली आणि तिनं दार उघडलं. गुलाब घोरत होता, एक हात बाजेखाली लोंबत होता. कोंढ्या बाजेखाली अंग चोरून बसला होता, डोळे उघडे, एरवी हलणारं शेपूट पोटाखाली. पाण्याच्या रांजणाजवळ नेहमी ओल असे. तिथं ठसे होते. गोल, मोठे, नखं न उमटलेले. ठसे रांजणापासून बाजेकडे आले होते, लोंबणाऱ्या हातापासून पाच-सहा फुटांवर थांबले होते आणि परत फिरले होते.

मनकर्णा त्या दिवशी भट्टीवर वेळेत गेली नाही. तिनं गुलाबला हलवून उठवलं आणि ठसे दाखवले. त्यानं ठशांकडे पाहिलं, मग आपला हात पुढे धरून त्याच्याकडे पाहिलं.

"दोन पायाचा अन् चार पायाचा," ती म्हणाली, "दोघंबी आजपासून अंदर."

"अन् भुई?"

"भुईचं पाह्यता येईल."

ती भट्टीवर गेली तेव्हा ऊन आलं होतं. देवाजी भट्टी रचायच्या तयारीत होता. कमअस्सल विटा भट्टीच्या बाहेरच्या अंगाला लावतात, कारण तिथं आच कमी पोचते. चांगल्या आत, पोटात जातात. पळसाखालचा ढीग त्यानं बाहेरच्या अंगाला धरला होता. मनकर्णा आडवी आली. त्या विटा भाजून झाल्या की घरच्या भुईला मी विकत घेते, म्हणाली, पण त्या पोटात लागल्या पाहिजेत. अर्धी भाजलेली वीट भुईला चालत नाही, पायाखाली तिचा भुगा होतो.

देवाजीनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"खुनेच्या विटा पोटात अन् चांगल्या बाहेर? मालक मलेच भट्टीत रचंल."

"अख्ख्या भट्टीचं लिंपण माह्याकडे."

लिंपण म्हणजे रचलेल्या भट्टीला बाहेरून मातीचा जाड लेप देणं. गरमीत ते काम कोणालाच नको असे, आणि कुठं फट राहिली तर तिथून आच निसटते आणि अख्खी बाजू कच्ची राहते. मनकर्णाच्या हाताखाली फट राहणार नाही हे देवाजी जाणून होता. विटांचा दर ठरला. तो दोघांनाही थोडा टोचला, म्हणजे बरोबर होता.

तिनं लिंपण केलं. ठमाबाई न बोलावता आली आणि दुसरी बाजू धरली. लिंपता लिंपता म्हणाली की कुत्र्यासाठी घर बांधणारी बाई आपण पहिल्यांदाच पाहतोय. तिची जीभ परत चालू झाली हे ऐकून मनकर्णाला इतकं बरं वाटलं की तिनं उलट उत्तरच दिलं नाही.

भट्टी धानाच्या कोंढ्यावर धुमसत राहिली. थंड झाली, उघडली, तेव्हा पळसाखालच्या विटा पोटातून लाल निघाल्या. मनकर्णानं दोन विटा एकमेकींवर वाजवल्या. खणकन आवाज आला. पावलं जशीच्या तशी होती, आता कायमची.

गुलाबनं त्या, आणि कमी पडल्या तेवढ्या साध्या, पोत्यात भरून पाठीवर वाहून आणल्या. हमालीत पहिल्यांदाच तो स्वतःच्या घरचा माल वाहत होता, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होता. मग जुनी भुई खणायची वेळ आली. मनकर्णानं कुदळ हातात घेतली आणि क्षणभर थांबली. ती भुई तिनं हातानं चोपली होती.

कोंढ्या थांबला नाही. माती हललेली पाहताच तो मध्ये घुसला आणि चारही पायांनी उकरू लागला. माती दारापर्यंत उडत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी अडवत नव्हतं. तो मध्येच थांबून मनकर्णाकडे पाही, शिवी येत नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू होई. गुलाब दारात बसून पोट धरून हसला. मनकर्णाही हसली, मग कुदळ घेऊन त्याच्या शेजारी खणायला लागली. कामाला जोर बरा होता त्याचा, असं तिनं नंतर कबूल केलं.

खाली वैनगंगेची रेती, वर विटा. सांधे जुळवून, दोरी धरून, उतार दाराकडे. पावलं खालच्या अंगाला घालायची असं तिनं गुलाबला बजावलं होतं, कारण खळग्यात धूळ बसते. सगळ्या तशाच बसल्या असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी झाडताना दाराजवळ झाडणी एका खळग्यात अडली. चार बोटं आणि गादी. गुलाब त्या वेळी बाहेर उगाच बाज आवळत होता. तिनं बोटानं खळग्यातली धूळ काढली आणि पुढं झाडत गेली.

रात्री कोंढ्यानं नवी भुई उकरून पाहिली. नखं नुसती करकरली. त्यानं पंजा उचलून त्याच्याकडे पाहिलं, विटेला नाक लावलं, पुन्हा एकदा खरवडलं. मग तीन गिरक्या घेतल्या, दाराजवळच्या गार विटांवर पोट टेकलं आणि सुस्कारा सोडून झोपला. मनकर्णाही झोपली, सकाळची एसटी घरघरेपर्यंत.

चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीनंतर वडशाची पाहुणेमंडळी घरी आली. देवाजी चहाला आला, ठमाबाई तर आधीपासूनच बसली होती. प्रत्येकानं दारात चपला काढल्या आणि लाल भुईकडे पाहिलं. एका पाहुणीनं विचारलं की कुत्रा घरातच ठेवता का. ठमाबाईनं मनकर्णाला बोलूच दिलं नाही.

"तो घरात नाई राहत, बाई," ती म्हणाली. "हे दोघं त्याच्या घरात राह्यतेत."

त्या हंगामाच्या मजुरीतून मनकर्णाला पाणी भरायला पितळेचा गुंड घ्यायचा होता. तो पुढच्या वर्षावर गेला. पहाटे चारपासून ऊन चढेपर्यंत तुडवलेल्या गाऱ्याच्या पैशात त्या वर्षी आली ती एका खोलीची विटांची भुई, आणि तिच्यावर दाराच्या आत झोपणारा एक कुत्रा.