पंधरा सेकंदांचा दिवा

मीटर वाचण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. जिन्याखाली वाकून, कोळिष्टकं बाजूला सारून त्यांनी लोकांच्या मीटरवरचे आकडे टिपले आणि त्या आकड्यांवरून माणसं जोखायला ते शिकले. ज्याचे युनिट जास्त तो बेताल, असा सरळ हिशेब. निवृत्तीनंतर तो हिशेब घरी राहायला आला. गल्लीत त्यांना युनिटराव म्हणत आणि ते त्यांना आवडायचंही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशी माणसं पुष्कळ असतात. युनिटरावांची गंमत ही, की चमडी दर वेळी बायकोची असायची.

बायको सत्तरीची. गुडघे धरलेले, हाडं ठिसूळ. एकदा पडून मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता पडल्या तर खुबा जाईल. मग उठतील याची खात्री मी देत नाही." आणि रात्री तर तिला दोनदा उठावं लागे. खोलीपासून बाथरूमपर्यंतचा बोळ अंधारा. लेक परगावाहून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, बोळात रात्रभर जळणारा दिवा लावा. आणि यावर वाद नको."

युनिटराव दुकानात गेले. दुकानदाराने तीन दिवे काढून ठेवले. एक साधा, बटणाचा. दुसरा अंधार पडला की आपोआप लागणारा आणि उजाडलं की विझणारा. तिसरा समोर माणूस हललं की लागणारा. मग किती सेकंदांनी विझायचं तेही त्यावर ठरवता येई.

"घरात म्हातारं माणूस असेल तर दुसरा न्या काका," दुकानदार म्हणाला. "अर्ध्या वॅटचा आहे. वर्षभर जळला तरी सव्वादोन युनिट."

"सव्वादोन युनिट कशाला? ती झोपलेली असताना बोळाला काय वाचन करायचंय?"

तिसरा दिवा दुसऱ्याच्या चौपट किमतीचा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, हे दुकानदाराला कळत होतं, पण त्याचं काय जात होतं? त्याने दिवा पिशवीत घालून दिला.

पडदा हलला तरी दिवा लागतो हे युनिटरावांच्या पहिल्याच संध्याकाळी ध्यानात आलं. मग त्यांनी त्याचं तोंड खोलीच्या दाराकडे वळवलं. उजेड बोळात पडायचा, पण दारातून कोणी बाहेर पडलं तेवढंच त्याला दिसायचं, पुढचं नाही. घड्याळ घेऊन ते स्वतः दारापासून बाथरूमपर्यंत चालून आले. अकरा पावलं, बारा सेकंद. दिवसाला शेकडो घरं पालथी घातलेले पाय ते. त्यांनी दिव्याला पंधरा सेकंद लावून दिले. तीन सेकंद वरचे दिले याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, मी निम्म्यात असते तेवढ्यात तो विझतो."

"मग जरा झपझप चालावं."

दुसरी एखादी असती तर तिने दिवा उपटून त्यांच्या डोक्यात घातला असता. हिने पंचेचाळीस वर्षं त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. सेकंद वाढवणं एका बोटाचं काम होतं. ते त्यांना सुचलंच नाही असं म्हणावंसं वाटतं, पण सुचलं होतं.

दुपारची जेवणं झाली की बोळात सराव सुरू झाला. ती काठी टेकत निघायची, ते बाथरूमच्या दाराशी घड्याळ धरून उभे.

"अठ्ठावीस."

आठवड्याने, "तेवीस. ती काठी मध्ये येते तुझ्या."

तिने काठी सोडली.

"एकोणीस. वा, छान."

संसारात इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कशालाच छान म्हटलं नव्हतं. भिंतीला धरून, धापा टाकत ती हसली. संध्याकाळी लेकीला फोनवर म्हणाली, "बाबा हल्ली माझ्याकडे फार लक्ष देतात गं."

सतरावर आली त्याच आठवड्यात ती पडली. युनिटराव अंथरुणात जागे होते, मनातल्या मनात मोजत होते. चौदावर आवाज झाला. मोठा दिवा लावून ते धावले, तर ती बाथरूमच्या उंबऱ्याशी आडवी, एक पाय भलतीकडेच वळलेला. तिने वर पाहिलं.

"पोचले ना हो? किती झाले?"

'चौदा' हा आकडा त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, एवढंच त्यांच्या बाजूने सांगता येईल.

खुबा गेला. दीड महिन्याने तिला घरी आणली ती खाटेवर ठेवायलाच. लेकीने जुना दिवा काढून खणात टाकला आणि बोळात रात्रभर जळणारे दोन लावले. आता त्या बोळातून तिला कधीच चालायचं नव्हतं. युनिटराव खाटेशी बसून राहायचे. त्यांना पश्चात्ताप झाला होता, खरोखरच झाला होता, आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग नव्हता.

एके संध्याकाळी तिने त्यांना हाक मारली.

"अहो, ते बोळातले दिवे काढून टाका. उगाच जळतात. तुमचा तो इथे माझ्या उशाशी लावा."

"इथे कशाला?"

"मी हलतच नाही ना. लागायचाच नाही तो."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर त्यांनी सोसला असता. ती मनापासून त्यांचे युनिट वाचवत होती.