टँकरसाहेब

आमच्या ऑफिसात सकाळी लोक एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणत. साहेब होळीनंतर एकच विचारायचे, "टँकर आला का?" तेही दारातच, हातातला डबा टेबलावर ठेवायच्या आधी. 'नाही' असं उत्तर मिळालं की मगच खुर्चीत बसत. 'आला' असं मिळालं तर उभ्याउभ्याच पाणी पीत आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पार्किंगकडे बघत राहत. गेटवरच्या वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना त्यांच्या माघारी टँकरसाहेब म्हणत. नव्याने लागलेल्या पोरांना वाटायचं, हे ट्रान्सपोर्ट बघत असतील.

ते ट्रान्सपोर्ट बघत नव्हते. बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीचं सीएसआर बघत होते, म्हणजे कंपनीच्या नफ्यातून समाजासाठी आणि पर्यावरणासाठी जे काही करावं लागतं ते. मूळचे सोमेश्वरनगरचे, वडील साखर कारखान्यात, आणि स्वतः सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढलेले इंजिनिअर. निवृत्ती जवळ आल्यावर यांना कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून आमच्या खात्यात आणून बसवले. निवृत्तीनंतरही वर्षावर्षाची मुदतवाढ देत ठेवून घेतले, कारण इकडं यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, तरी पहिल्या दिवसापासून मला शिंदेबाई म्हणायचे. आधी राग यायचा. नंतर सवय झाली.

"पाना किती वेळा फिरवला ते कुणी विचारत नाही, शिंदेबाई. मशीन चालू झालं का, एवढंच विचारतात," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. मेंटेनन्समध्ये हे वाक्य शोभून दिसतं. समाजसेवेत ते फार जाचक. पहिल्याच वर्षीच्या वृक्षारोपणाला बॅनर लागलेला, फोटोग्राफर आलेला, प्लँट हेड हातमोजे घालून उभे, आणि साहेब म्हणाले, "गेल्या वर्षीची झाडं आधी बघू." माळी बिचारा भाबडेपणानं बोलून गेला, "त्याच खड्ड्यात तर लावतोय की साहेब. खड्डे तयारच हायती." सगळे हसले, प्लँट हेड सोडून. फोटो झाला, पण साहेब त्यात उभे राहिले नाहीत. पुढं कुठल्याच फोटोत राहिले नाहीत. मध्यंतरी त्यांचा एक फोटो हवा होता म्हणून मी ऑफिसातले सगळे अल्बम चाळले. चेक देताना, दप्तरं वाटताना, फीत कापताना आम्ही सगळे आहोत. ते नाहीत.

मग एका वर्षी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फर्मान आलं की यापुढं प्रत्येक कामाला मोजता येईल असं उद्दिष्ट हवं. आम्ही कपाळाला हात लावला. साहेब एकटे खूश झाले. "उशिरा का होईना, शहाणपण आलं," म्हणाले. बाकीच्यांनी भराभर उद्दिष्टं लिहून दिली: किती दप्तरं, किती लाभार्थी, किती एकरांवर ठिबक. साहेबांनी एकच ओळ लिहिली. 'पाच वर्षांनी मे महिन्यात माळवस्तीवर पाण्याचा टँकर येणार नाही.'

पुण्याहून आलेला सल्लागार मुलगा गोड बोलणारा होता. "सर, टँकर आपल्या हातात कुठंय? ठिबक किती एकरांवर बसवलं, ते मोजूया. ते आपल्या हातात आहे."

"हातात असतं ते काम," साहेब म्हणाले. "ते ज्याच्यासाठी करायचं, ते उद्दिष्ट. तुम्ही कामच मोजताय."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी चहाकडं बघायला लागले. ओळ मात्र छापली गेली. पाच वर्षं म्हणजे सगळ्यांनाच लांब वाटत होती.

माळवस्ती इंदापूर तालुक्यात. भवानीनगर मागं टाकलं की एक फाटा आत जातो. सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत रखडत जायची आणि साहेब एकदाही चिडायचे नाहीत. "मी उसावरच वाढलोय," म्हणायचे. वस्तीला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, उताराच्या खाली. वर शेतकऱ्यांच्या विहिरी आणि त्यांची शेतं. वरचा उपसा वाढला की खालची विहीर तळाला जायची, आणि मग इंदापूरहून सरकारी टँकर येऊन त्या विहिरीत पाणी ओतायचा. पहिल्या भेटीत पारूकाकू पुढं आल्या. वस्तीतल्या बायकांच्या वतीनं बोलणाऱ्या त्याच. "फोटू काढायचाय का? थांबा, चांगलं लुगडं नेसून येते," म्हणाल्या.

"फोटो नको, काकू. टँकर कधी येतो ते सांगा."

"होळीला. पुरण टँकरच्याच पाण्यात शिजतंय आमचं." मग म्हणाल्या, "आजवर कुणी ह्ये इचारलं न्हाय बगा."

साहेबांचा हिशेब सरळ होता. वरच्या शेतकऱ्यांना ठिबक द्यायचं, म्हणजे उपसा कमी होईल, वाचलेलं पाणी जमिनीत राहील आणि खालच्या विहिरीला उतरेल. दोन वर्षं आम्ही राबलो. ओढा खोल केला, ठिबकच्या नळ्या टाकल्या, शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या. पुण्याला पाठवायच्या तक्त्यात सगळे रकाने हिरवे झाले. टँकर होळीलाच येत राहिला. साहेब रोज सकाळी विचारायचे, मी रोज तालुक्याला फोन लावून सांगायची, आणि ते खिडकीपाशी जायचे. असं काय होतंय, ते आम्हाला कळेना.

कळलं एका हिवाळ्यात. वस्तीतले सगळ्यात मोठे शेतकरी आबा आम्हाला कौतुकानं वरच्या माळावर घेऊन गेले. जिथं पूर्वी कुसळं उगवायची, तिथं कमरेइतका ऊस उभा होता. आबांनी हात फिरवून दाखवला. "तुमच्या ठिबकनं पाणी लई वाचलं, साहेब. म्हणून माळ बी उसाला घेतला. आमीच न्हाय, समद्यांनी घेतलाय."

साहेब बांधावर बसले. आबा घाबरले. "का वो, ऊस चांगला न्हाय का?"

"ऊस चांगलाय, आबा. फार चांगलाय."

येताना गाडीत मी आबांवर तोंडसुख घेतलं. लोक असेच, किती द्या, हाव संपत नाही, वगैरे. साहेबांनी मला मध्येच थांबवलं. "वाचलेलं पाणी विहिरीत राहील, असं आपण धरलं. त्यांनी का धरावं? त्यांना आपण कधी विचारलं?" मग डोळे मिटून घेतले. ट्रॉल्या पुढं चालल्या होत्या, त्यावर गाणी लागली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे वाटले.

वार्षिक अहवालाची वेळ आली तेव्हा पुण्याहून फोन आला. उद्दिष्ट जरा 'सुधारून' घेऊ, टँकरच्या जागी ठिबकचे एकर घालू, म्हणजे साध्य झालं असं दाखवता येईल. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "परीक्षा देऊन झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलायची?" त्यांनी विचारलं. "साध्य झालं नाही असं लिहा. आपल्या ठिबकमुळं ऊस वाढला, हेही लिहा. दुसऱ्या कुणाला तरी उपयोग होईल." पलीकडचा माणूस हसला. त्याला ती थट्टा वाटली असावी.

अहवालातून ती ओळ गेली. तिच्या जागी ठिबकच्या नळीजवळ उभ्या असलेल्या आबांचा हसरा फोटो आला. साहेबांना कुणी काढलं नाही. मुदत संपली, ती वाढवली नाही, एवढंच. आमच्याकडं ह्या गोष्टी फार सभ्यपणे होतात. निरोप समारंभाला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि पर्यावरणाचं खातं म्हणून कुंडीतलं एक रोप दिलं. साहेब रोपाकडं बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी हे बघायला या." लोक हसले. मला काही हसू आलं नाही.

जाण्याआधी मात्र ते मला घेऊन एकदा माळवस्तीवर गेले. कंपनीची गाडी मागितली नाही, स्वतःची काढली. देवळात सगळ्यांना बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "चूक आमची आहे. पाणी वाचवा म्हणालो, कशासाठी ते बोललोच नाही. खालच्या विहिरीसाठी हवं होतं. मे महिन्यात हितं टँकर येऊ नये, एवढंच आम्ही लिहिलं होतं. उशिरा आला तर चालेल, असं नव्हतं लिहिलं. येऊच नये."

आबा म्हणाले, "साहेब, उसाला कारखान्याची गाडी बांधावर येती. ज्वारीला कोण येतं?"

"खरंय, आबा," साहेब म्हणाले.

तेव्हा मागून पारूकाकू म्हणाल्या, "उसाची गाडी तुमच्या बांधावर येती आबा, आन टँकर आमच्या दारात. तुमी ऊस प्या, आमी टँकर पितो." बायका खळखळून हसल्या. आबा रागानं उठून बाहेर गेले, तंबाखू मळून परत आले. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की माळावरचा उभा ऊस तुटला की तिथं पुन्हा ऊस लावायचा नाही. कागद केला नाही, सही घेतली नाही. काहींनी शब्द पाळला, काहींनी नाही. आबांनी अर्धा पाळला.

साहेब पुण्याला मुलाकडं राहायला गेले. नंतरच्या उन्हाळ्यात होळी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझा फोन वाजायला लागला. "शिंदेबाई, टँकर आला का?" गुढीपाडवा गेला, आला नव्हता. हनुमान जयंती गेली, आला नव्हता. मला उगाच हुरूप यायला लागला. अक्षय तृतीया झाल्यावर मात्र आला. मी आनंदातच सांगितलं, "साहेब, आला, पण बघा की! होळीचा टँकर इथवर लांबला!"

ते म्हणाले, "म्हणजे आला."

"अहो, पण साहेब..."

"आला म्हणजे आला, शिंदेबाई."

मी रागानं फोन ठेवला. माणसानं स्वतःशी इतकं कठोर का असावं? सगळं आयुष्य मशीनसारखं चालू का बंद एवढंच बघत काढायचं? आपण किती दमतो, ते कुणी मोजायचं? संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज बारीक होता. "यंदा पारूकाकूंचं पुरण विहिरीच्या पाण्यात शिजलं असेल, नाही का?" मी हो म्हणाले. "बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्यापुरतं तरी, ते समाधानानं बोललेलं तेवढं एकच वाक्य.

ते दिवाळीच्या आधी गेले. ऑफिसच्या ग्रुपवर बातमी आली, तिच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि त्या रांगेखाली दुपारी कुणीतरी हेल्मेट सप्ताहाचं पोस्टर टाकलं. मी त्या दिवशी डबा उघडला नाही. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. दरवर्षी उद्दिष्टांच्या यादीत ती ओळ घालते, आणि दरवर्षी पुण्याहून यादी ती ओळ वगळून परत येते. भांडायची ताकद आता फारशी राहिलेली नाही. घालण्याची मात्र आहे.

यंदा मे महिन्यात, साहेब गेल्यानंतर पहिल्यांदाच, मी माळवस्तीवर गेले. टँकरनं नुकतीच विहिरीत नळी सोडली होती आणि बायका काठावर दोर घेऊन उभ्या होत्या. पारूकाकूंनी मला बघितलं आणि लांबूनच हाक मारली, "आला बगा ह्या साली बी! साहेबाला फोन लावा. वाट बगत असतील."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं कुणी, हा प्रश्न आमच्या ऑफिसात कुणाला पडलाही नव्हता. मी जवळ गेले, त्यांचा हात धरला आणि सांगितलं. त्यांनी दोर सोडला नाही, पण ओढलाही नाही. विहिरीत पाणी पडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"मग आता इचारणार कोण?" काकू म्हणाल्या.

"मी विचारीन."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग लिवा. आला म्हणून लिवा. उशिरा आला, असं नगा लिवू. साहेबाला चालायचं न्हाय."

मी मोबाईल काढला. साहेबांचं नाव मी अजून यादीत वरच ठेवलं होतं. त्याखाली लिहिलं, 'आला.' आणि तसंच, न पाठवता, ठेवून दिलं.